पैसे शून्य

नगरला मावशीच्या नव्या घराची वास्तुशांत होती. रिकाम्या हाताने कोणाकडे जायचे नाही हा आमच्या घरचा रिवाज, आणि सोलापूरच्या माणसाने बाहेरगावी काय न्यावे हा प्रश्न तर इथे कोणालाच पडत नाही, म्हणून आदल्या संध्याकाळी मी चाटी गल्लीतल्या नेहमीच्या दुकानात गेलो. दुकानदाराने दोन-चार चादरी उलगडून गादीवर पसरल्या, कोऱ्या कापडाला असतो तो खळीचा वास दुकानभर झाला, रंगावरून थोडी चर्चा झाली, टॉवेलांची भर पडली आणि कोपऱ्यातल्या लहानशा प्रिंटरमधून बिलाची पट्टी करकरत बाहेर आली. माल ५,७०० रुपयांचा, त्यावर केंद्राचा कर १४२.५०, राज्याचा तेवढाच, एकूण ५,९८५. त्याखाली फिकट ठशात एक ओळ होती : 'अक्षरी रुपये पाच हजार नऊशे पंच्याऐंशी, पैसे शून्य फक्त'.

पैसे देण्यासाठी बाहेर काढलेला मोबाइल हातात तसाच राहिला.

बिलावर रक्कम अक्षरांत छापलेली असते, यात नवल काही नाही. पण पूर्ण रुपयांच्या रकमेपुढे 'पैसे शून्य' असे सहसा कोणी लिहीत नाही. 'फक्त' किंवा 'मात्र' एवढ्यावर भागते. ते 'पैसे शून्य' माझ्या वडिलांचे आहे. अण्णा साखर पेठेतल्या एका सूत व्यापाऱ्याच्या पेढीवर हिशेबनीस होते. पावती असो वा चेक, पैशांची जागा मोकळी सोडायची नाही, कारण मोकळ्या जागेत कोणीही काहीही भरू शकतो, असे त्यांचे ठाम मत होते. 'फक्त' लिहून झाले की ते ओळीच्या टोकापर्यंत एक आडवी रेघ ओढत, आणि ती पट्टी न लावताही सरळ येई. पुढे मी संख्येचे मराठी अक्षरी रूप करून देणारी एक लहानशी लायब्ररी, म्हणजे कोणालाही आपल्या प्रोग्रॅममध्ये जोडता येईल असा तयार कोड, लिहायला घेतली, तेव्हा ती रेघ काही कोडमध्ये आणता आली नाही, पण 'पैसे शून्य' आणले. लायब्ररी खुल्या परवान्याखाली सर्वांसाठी ठेवून दिली. आता माझ्या जुळे सोलापुरातल्या घरापासून फार लांब नसलेल्या एका दुकानात, मला न विचारता, अण्णांची सवय कागदावर उमटत होती. विचारण्याचा प्रश्नही नव्हता, कारण परवानाच तसा आहे.

मी बिलाकडे बोट दाखवून सहज विचारले, की ही ओळ कोणी बसवून दिली. दुकानदार म्हणाला, "सॉफ्टवेअरवाल्याचं आहे की साहेब ते. दर वर्षी पैसे भरतो आम्ही. भरले नाही तर बंद पडतंय." त्याच्या मुलाने वर अशी माहिती पुरवली की तो सॉफ्टवेअरवाला फोन उचलत नाही. मी मान डोलावली, पैसे दिले आणि चादरींची गाठ घेऊन बाहेर पडलो. ती ओळ मी लिहिली आहे, असे सांगावेसे वाटले होते. सांगितले असते तर कदाचित चहा मिळाला असता, आणि त्यापाठोपाठ प्रिंटर मधूनच अडकतो त्याची तक्रारही मिळाली असती. पण मी गप्प राहिलो त्याचे कारण एवढेच नव्हते. दर वर्षी भरल्या जाणाऱ्या त्या पैशांतला एकही रुपया माझ्याकडे येत नाही, हे मनात आले नाही असे म्हटले तर ते खोटे ठरेल. आले, आणि गाडी पार्क चौकाच्या सिग्नलला थांबेपर्यंत मनात राहिले. पण त्याच्या जोडीला एक उघड, जरा पोरकट म्हणावा असा आनंदही होता, आणि या दोहोंपैकी कोणता खरा हे मला त्या रात्री ठरवता आले नाही.

मी लायब्ररी ज्या परवान्याखाली ठेवली तो एमआयटी परवाना हा दोन-तीन परिच्छेदांचा मजकूर आहे. हे सॉफ्टवेअर वापरा, बदला, वाटा, विका. फक्त हे हक्काचे निवेदन प्रत्येक प्रतीसोबत राहू द्या, एवढेच तो सांगतो. शेवटचा परिच्छेद सगळा कॅपिटल अक्षरांत असतो : जसे आहे तसे देत आहोत, कशाचीही हमी नाही, काही नुकसान झाले तर लेखक जबाबदार नाही. कायद्याच्या दृष्टीने तिथे विषय संपतो. माझ्यासारख्या सुट्ट्या वेळात लहान लायब्ऱ्या लिहिणाऱ्या माणसाच्या दृष्टीने मात्र खरा विषय तिथूनच सुरू होतो, कारण ज्याची जबाबदारी आपण लेखी नाकारली आहे त्याची काळजी रात्री अकरा वाजता, पुण्याच्या कंपनीचे दिवसभराचे काम संपवून लॅपटॉप मिटता मिटता, मनात येतेच.

लायब्ररी तशी अगदी साधी आहे. अवघड होती ती तिच्यातली शब्दांची यादी. इंग्रजीत नव्याण्णवपर्यंत मोजायला २७ शब्द पुरतात, एक ते एकोणीसचे १९ आणि दशकांचे ८. बाकीचे सगळे जोडून होते. मराठीत ९९ च्या ९९ शब्द हातानेच लिहावे लागतात. बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव : एकच दोन, पण दर दशकात नवा वेश घालून येतो. एकोणतीस, एकोणसाठ, एकोणनव्वद असा नियम बसतोय असे वाटेपर्यंत नव्व्याण्णव येतो आणि तो नियम मोडतो. शंभर एकटा असला तर शंभर, पण पुढे एक आला की एकशे एक. ही यादी अण्णांनी जेवणाच्या टेबलावर बसून मला सांगितली. ते एकेक शब्द सावकाश उच्चारत, मी टाइप करीत असे, आणि मधूनच ते चष्मा कपाळावर चढवून पडद्याकडे वाकत व 'एक्क्याऐंशी'त क्-ला क् जोडला आहे की नाही ते पाहत. एकसष्ट की एकसष्ठ यावर आमचा बराच वेळ गेला. आईचे म्हणणे असे होते की दोघेही एकसष्टच म्हणता, मग भांडता कशाला.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसऐवजी 'वीस एक' असे संख्यावाचन आले आणि महाराष्ट्रभर वाद झाला, तेव्हा माझी स्थिती अवघडल्यासारखी होती. प्रोग्रॅमर म्हणून ती पद्धत माझ्या फायद्याची होती, कारण माझी यादी तिच्यामुळे एक-चतुर्थांशावर आली असती. मराठी माणूस म्हणून माझा जीव त्या ९९ शब्दांत अडकलेला होता. आणि सोलापूरकर म्हणून मला हेही ठाऊक होते की आमच्या पूर्व भागातल्या पद्मशाली घरांतली मुले 'वीस एक' असेच ऐकत मोठी होतात, कारण तेलुगूत एकवीसला 'इरवै ओकटि' म्हणतात, म्हणजे वीस आणि एक. तिकडे कन्नड घरांतही 'इप्पत्तोंदु' तसेच बनते. घरी दक्षिणेकडची सरळ गणना आणि शाळेत मराठीची वळणे, असे दोन्ही या गावातल्या हजारो मुलांनी काहीही गाजावाजा न करता पचवले आहे. त्या वादात सोलापूरला कोणी काही विचारले नाही, याचे मला अजूनही थोडे वाईट वाटते.

लायब्ररी प्रसिद्ध केल्यानंतर पहिले काही महिने कोणी फिरकले नाही. नंतर एकेक संदेश येऊ लागले. एकाचे म्हणणे असे की त्याच्या भागात नव्वदनंतर 'एक्याण्णव' म्हणतात, ते घ्या. दुसऱ्याला पैशांऐवजी किलो आणि ग्रॅम हवे होते. तिसऱ्याने विषयाच्या जागी 'अर्जंट' लिहून खाली एवढेच कळवले होते, की महिनाअखेरीचे बिलिंग थांबले आहे, लवकर बघा; आपण कोण, कुठले, आणि काय थांबले आहे याविषयी एक अक्षर नाही. आणि एका अंध बँक कर्मचाऱ्याने असे लिहिले, की संगणक रकमा वाचून दाखवतो तेव्हा 'एक हजार पाचशे' ऐकायला परके वाटते, 'दीड हजार' करता येईल का. त्या एका विनंतीने मला कित्येक रविवार गुंतवून ठेवले. सव्वा, दीड, अडीच, साडेतीन, पावणेचार हे सगळे आपण बोलताना न अडखळता वापरतो, पण कोडला ते समजावून सांगायचे तर साडेएक आणि साडेदोन यांना बंदी घालावी लागते, पावणेदोन आणि पाऊण यांतला भेद सांगावा लागतो, आणि सव्वाशे म्हणजे एकशे पंचवीस हे शेकड्यासाठी वेगळे, हजारासाठी वेगळे मांडावे लागते. त्या गृहस्थांचे नंतर दोन ओळींचे उत्तर आले. आता कानाला बरे वाटते, असे त्यात होते. एवढ्या वर्षांतली ती माझी सर्वांत मोठी कमाई आहे, आणि हे मी विनयाने वगैरे म्हणत नाही. दुसरी कमाई खरोखरच फारशी नाही.

चैत्रात चौकात पाणपोई घालणे सोपे असते. हार घालून नारळ फोडला की फोटोही निघतो. वैशाखात रोज सकाळी रांजण धुऊन भरणारा माणूस त्या फोटोत नसतो, आणि पाणी कोमट आहे असे लोक त्यालाच सांगतात.

या जगातल्या एका जुन्या प्रकरणाची मला वारंवार आठवण येते. मार्च २०१६ मध्ये एका प्रोग्रॅमरने पॅकेजच्या, म्हणजे वाटण्यासाठी बांधून ठेवलेल्या कोडच्या, नावावरून झालेल्या वादानंतर आपली अडीचशेहून अधिक पॅकेजे एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या सार्वजनिक भांडारातून काढून घेतली. त्यांत लेफ्ट-पॅड नावाचे अकरा ओळींचे एक पॅकेज होते. शब्दाच्या डाव्या बाजूला हव्या तितक्या मोकळ्या जागा भरून त्याची लांबी ठरावीक करणे, एवढेच त्याचे काम. पण त्यावर दुसरी, दुसऱ्यावर तिसरी अशी पॅकेजांची उतरंड उभी होती, आणि जगभर नामवंत कंपन्यांच्या प्रोग्रॅमची बांधणी त्या दिवशी कोलमडली. काही तासांतच भांडाराने लेखकाला बाजूला ठेवून ते पॅकेज पुन्हा जागेवर आणले. त्या वेळी सगळेजण असे विचारत होते, की अकरा ओळींसाठी लोक दुसऱ्यावर अवलंबून कसे राहतात. मला वेगळाच प्रश्न पडला होता. आपण दिलेली वस्तू परत घेण्याचा अधिकार आपल्याकडे उरतो का? परवाना म्हणतो की दिलेली प्रत ज्याची त्याची झाली. भांडाराने प्रत्यक्षात तेच केले. त्या लेखकाचा राग मला समजतो, आणि भांडाराचा निर्णयही मला बरोबर वाटतो; दोन्ही गोष्टी एकत्र मान्य करण्यात मला काही विसंगती दिसत नाही.

लेफ्ट-पॅडविषयी आमच्या बाजूचे एक गाऱ्हाणे मात्र त्या गदारोळात कोणी मांडले नाही. त्याला 'सोलापूर' हा शब्द दिला आणि लांबी दहा करून मागितली, तर ते तीनच मोकळ्या जागा भरते. आपल्या डोळ्यांना 'सोलापूर' चार अक्षरांचा दिसतो, पण संगणकाच्या लेखी त्यात सात चिन्हे आहेत : स, ओकार, ल, काना, प, दीर्घ उकार आणि र. 'स्त्री' हे आपले एकच जोडाक्षर त्याला सहा चिन्हांचे वाटते. त्यामुळे इंग्रजीसाठी लिहिलेली असली लहान साधने मराठी तक्त्यात वापरली की रकाने वेडेवाकडे होतात, आणि नाव अर्ध्यात कापायची वेळ आली तर वेलांटी या ओळीला आणि अक्षर त्या ओळीला अशी फाळणी होते. माझी दुसरी लायब्ररी ही या कामासाठी होती : मजकुरातली अक्षरे आपण मोजतो तशी मोजायची आणि जोडाक्षराच्या मधून कात्री चालवायची नाही. ती मी पहिलीपेक्षा अधिक निगुतीने लिहिली होती. कोडचे सौंदर्य म्हणून जे काही असते ते माझ्या हातून कुठे उतरले असेल तर तिथे.

ती लायब्ररी मी बंद केली. जगभरच्या लिप्या संगणकात कशा मांडाव्यात हे ठरवणाऱ्या युनिकोड या मानकाच्या १५.१ या आवृत्तीत, म्हणजे सप्टेंबर २०२३ मध्ये, अक्षरे कुठे तोडावीत याचे सर्वसाधारण नियम सुधारले गेले आणि देवनागरी, तेलुगू, बंगाली अशा लिप्यांतली जोडाक्षरे अखंड धरली जाऊ लागली. ब्राउझरांमध्ये मजकुराचे असे तुकडे पाडण्याची सोय आधीच येऊ लागली होती, २०२४ मध्ये फायरफॉक्समध्येही ती आली. जे मी शेकडो ओळींत करीत होतो ते आता एका ओळीत, कोणतेही पॅकेज न घेता करता येते. रीडमी या माहितीच्या फाइलीच्या माथ्यावर तशी सूचना लिहून मी रेपोला, म्हणजे त्या कोडच्या कोठाराला, कुलूप लावले. मित्राने फोनवर सहानुभूती दाखवली, तिची गरज नव्हती. एखादी सोय सर्वांच्या घरात आपोआप असावी म्हणून आपण पर्यायी व्यवस्था चालवत असलो आणि एक दिवस ती खरोखर सगळीकडे आली, तर दुःख कसले? तरीही सूचना लिहिताना 'ही लायब्ररी आता वापरू नये' हे वाक्य मी दोनदा खोडून पुन्हा लिहिले, हे खरे.

नगरहून परतल्यावर मी ते बिल अण्णांना दाखवले. त्यांनी ते उजेडात धरले, चष्मा कपाळावर नेला, आणि मला वाटले की आता ते ती ओळ वाचतील. त्यांनी आधी बेरीज तपासली. मग कराचे अडीच-अडीच टक्के तोंडी काढून पाहिले. "बरोबर आहे," म्हणाले, आणि मग ओळ वाचून, "रेघ नाही मारली." मी सांगितले की यंत्राला ती जमत नाही. "मग 'पैसे शून्य' तरी ठेवलंस ते बरं केलंस," असे म्हणून त्यांनी बिल परत दिले.

त्यांना मी हे सांगितले नाही, की नव्या आवृत्तीत 'पैसे शून्य' आपोआप येत नाही. बहुतेक वापरणाऱ्यांना ते खटकत होते, म्हणून दुसऱ्या मुख्य आवृत्तीपासून मी ते ऐच्छिक केले. ज्याला हवे त्याने तसे सांगावे, नाहीतर नुसते 'फक्त' येईल. म्हणजे चाटी गल्लीतले ते बिल पहिल्या आवृत्तीवर चालते. कधीतरी कोणीतरी ती उतरवून घेतली, आपल्या प्रोग्रॅममध्ये शिवली आणि पुन्हा तिकडे पाहिले नाही. अशा किती प्रती कुठे कुठे चालू आहेत, याचा मला पत्ता लागणे शक्य नाही. मी नवी आवृत्ती काढली, जुनीवर 'आता सांभाळली जात नाही' असा शिक्का मारला, तरी त्या दुकानातला प्रिंटर करकरत राहणार. ज्या दुरुस्त्या मी आज करतो त्या उद्याच्या लोकांसाठी असतात. कालच्यांपर्यंत पोहोचण्याचा रस्ताच मुळी नाही. सुदैवाने माझ्या कामात कोणाचा जीव अडकलेला नाही. ज्यांच्या लायब्ऱ्या बँकांच्या, रेल्वेच्या, इस्पितळांच्या पोटात आहेत ते रात्री कसे झोपतात, हे मला कळत नाही.

त्यांतला एक जण नीट झोपत नव्हता, हे जगाला मार्च २०२४ मध्ये कळले. एक्सझेड नावाचे फाइली दाबून लहान करणारे साधन लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर जवळपास सगळीकडे असते. फिनलंडमधला एक माणूस ते अनेक वर्षे सांभाळत होता. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी त्याच्यावर दबाव आणायला सुरुवात केली : कामे रखडली आहेत, तुला जमत नसेल तर दुसऱ्याला दे. आपली मानसिक प्रकृती बऱ्याच काळापासून बरी नाही आणि हे बिनपैशाचे छंदाचे काम आहे, असे त्याने जाहीरपणे लिहिले होते. त्याच सुमारास जिया तान या नावाची कोणी व्यक्ती शांतपणे, नियमितपणे, उपयोगी दुरुस्त्या पाठवत होती. तिच्याकडे हळूहळू अधिकार गेले. आणि त्या अधिकारांचा वापर करून तिने त्या साधनात चोरदरवाजा बसवला. तो जगभर पसरण्याआधी सापडला तो केवळ आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका अभियंत्याला दूरच्या संगणकात प्रवेश करायला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे जाणवले आणि तो त्याचा पाठपुरावा करीत राहिला म्हणून. जिया तान कोण, हे आजही उघड झालेले नाही.

सुरक्षेच्या अंगाने या प्रकरणावर पुष्कळ लिहिले गेले. मला त्यातला चोरदरवाजापेक्षा आधीचा भाग छळतो. थकलेल्या माणसाला मदतीची गरज होती, मदत करणारा आला, त्याने दोन वर्षे खरोखरच मदत केली. त्याच्या जागी मी असतो तर मीही अधिकार दिले असते, आणि आनंदाने दिले असते. आमच्या धंद्यातला, याला धंदा म्हणता येत असेल तर, सगळा व्यवहार न पाहिलेल्या माणसांवर विश्वास टाकून चालतो. कोडची एकेक ओळ तपासता येते, पाठवणाऱ्याचा हेतू तपासता येत नाही.

हे सगळे ताजे असतानाच माझ्या अक्षरी रकमेच्या लायब्ररीत तेलुगू भर घालणारी एक पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला बदल आत घ्यावा अशी विनंती, आली. पाठवणारीने आधीही मराठी भागातल्या काही बारीक दुरुस्त्या केल्या होत्या, नेटक्या, सोबत कोड नीट चालतो का हे तपासणाऱ्या टेस्ट लिहिलेल्या. नियमितपणा, शांतपणा, उपयोगीपणा सगळे जुळत होते, आणि नेमके त्यामुळेच मी बिचकलो. मला तेलुगू येत नाही. म्हणजे हा भाग घेतला तर तो तिच्या भरवशावरच चालणार, आणि तिला अधिकार दिल्याशिवाय तो सांभाळला जाणार नाही. मी बरेच दिवस उत्तर टाळले. मग तिच्या प्रोफाइलवर गावाचे नाव पाहिले आणि मला माझेच हसू आले. ती सोलापूरची होती. अशोक चौकाच्या पलीकडे राहणारी, इथल्याच कॉलेजात संगणक शाखेच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलगी. फिनलंडच्या त्या गृहस्थाला जे करता आले नाही ते मला स्कूटरवर बसून करता येत होते.

सात रस्त्याजवळच्या एका चहाच्या टपरीवर आम्ही भेटलो. ती मैत्रिणीला सोबत घेऊन आली होती. "सर, तुम्ही पंचावन्न-साठचे असाल असं वाटलं होतं," हे तिचे पहिले वाक्य. माझ्या संदेशांची भाषा तशी असते म्हणे. घरी यंत्रमाग होता तो विकला, आजी अजून विड्या वळते आणि त्यांचे कट्टे, म्हणजे जुड्या, तेलुगूत मोजते, हे तिने चहा थंड होईपर्यंत सांगून टाकले. मग वही काढून शेकड्यांचा घोळ समजावला. तेलुगूत विसापासून नव्याण्णवपर्यंत सगळे सरळ : पंच्याऐंशी म्हणजे 'एनभै ऐदु', ऐंशी आणि पाच. पण शंभरला 'वंद' आणि एकशे एकला 'नूट ओकटि'. दोनशे नुसते असतील तर 'रेंडु वंदलु', आणि पुढे काही आले की तो शेवटचा उकार गळून 'रेंडु वंदल'. म्हणजे शब्दाचे शेपूट ठरवण्याआधी पुढे काय येते ते पाहावे लागते. मराठीत आम्ही ९९ शब्दांच्या यादीत जो त्रास कोंबला तो तेलुगूने तिथे नेऊन ठेवला आहे. तुमचे कोड डावीकडून उजवीकडे सरळ चालते म्हणून त्यात ते बसत नाही, असे तिने मला थोड्या संकोचाने सांगितले. संकोचाचे कारण नव्हते. तिने मांडलेली रचना माझ्या रचनेपेक्षा चांगली होती.

त्या रात्री मी तिला प्रकाशनाचे अधिकार दिले. भेट झाल्यामुळे हेतू कळतो असे मी म्हणणार नाही. चहा पिऊन माणूस ओळखता येतो या समजुतीवर कित्येक पतसंस्था बुडाल्या आहेत. पण निदान एक माणूस तिथे आहे, त्याचा आवाज, त्याची वही, त्याची आजी आहे, एवढे तरी कळले. तिने अधिकार मिळताच पहिला नियम केला, की कोणाचाही बदल दुसऱ्याने तपासल्याशिवाय आत घ्यायचा नाही. 'कोणाचाही' यात मीही आलो, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आले. बिलाच्या प्रकरणानंतर भावनेच्या भरात मी एक लहानसा बदल पाठवला : 'पैसे शून्य' पुन्हा आपोआप यावे. तिने तो अडवला. मूळ वर्तन बदलले तर मुख्य आवृत्तीचा क्रमांक वाढवावा लागेल, अवलंबून असलेल्या सर्वांना आपापले कोड तपासावे लागेल, आणि हे कोणी मागितले आहे का, असे तिने विचारले. कोणी मागितले नव्हते. मी तो बदल मागे घेतला आणि अण्णांना त्याबद्दल काही बोललो नाही.

तेलुगू असलेली आवृत्ती अजून निघालेली नाही. कोड तयार आहे, टेस्ट तयार आहेत, पण आजी कट्टे मोजताना काही संख्या ज्या तऱ्हेने म्हणते त्या शाळेच्या पुस्तकातल्या रूपांशी जुळत नाहीत, आणि पिढ्यान्‌पिढ्या सोलापुरात राहिलेल्या घरांची बोली धरायची की छापील रूपे, यावर तिने चर्चेसाठी इश्यू उघडला आहे. आजीचा आवाज रेकॉर्ड करून तिने तिथे जोडला आहे. हैदराबादच्या एकाने छापील रूपांचा आग्रह धरला आहे, भिवंडीहून एकाने आपल्या घरीही आजीसारखेच म्हणतात असे कळवले आहे, आणि आणखी कोणी तिसरेच रूप सुचवले आहे. ती प्रत्येकाला सविस्तर उत्तर देते, प्रत्येकाकडून उदाहरणे मागवते. मी ते सगळे वाचतो, पण मत नोंदवलेले नाही. मला तेलुगू येत नाही.